दर्यावरील हिरड्यांचा रोग

मालवणच्या दक्षिणेस सुमारे दोन कोसांवर तारकर्लीची पुळण लागते. एका अंगास कर्ली नदीचे संथ पात्र, दुसऱ्या अंगास अरबी समुद्र, आणि या दोहोंमधील वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर माडांच्या बागा व गाबितांची घरे, अशी या स्थळाची रचना आहे. उत्तरेकडे नजर टाकली असता सिंधुदुर्गाचा तट पाण्यातून वर आलेला दिसतो. शिवछत्रपतींनी १६६४ साली या किल्ल्याचे काम सुरू करविले आणि १६६७ साली ते पुरे झाले. सिद्दी, फिरंगी, वलंदेज आणि इंग्रज या चौघांच्या जहाजांवर नजर ठेवणे हा त्याचा उद्देश. या दर्यावरील लढायांची, तोफांची आणि पकडलेल्या गलबतांची वर्णने इतिहासग्रंथांत पुष्कळ आढळतात. परंतु या किनाऱ्यासमोरून तीन शतके जी परदेशी जहाजे ये-जा करीत राहिली, त्यांवरील माणसे तोफेच्या गोळ्याने जितकी मेली त्याहून फार अधिक एका रोगाने मेली. आणि त्या रोगाची पहिली ठळक खूण हिरड्यांवर उमटत असे. मराठीत त्याला पुढे इंग्रजीवरून ‘स्कर्व्ही’ हेच नाव रूढ झाले.

या रोगाची एक फार जुनी आणि बारकाईने टिपून ठेवलेली हकीकत याच समुद्रातील आहे. तारकर्लीच्या दक्षिणेस नव्वदएक मैलांवर, कारवारनजीक, अंजदीव नावाचे लहानसे बेट आहे. कालिकतच्या सामुरीशी बिनसल्यावर वास्को द गामाची जहाजे परत जाताना या बेटापाशी नांगरली, तेथे त्यांची डागडुजी झाली, आणि ५ ऑक्टोबर १४९८ रोजी ती आफ्रिकेच्या दिशेने निघाली. येताना मालिंदीपासून कालिकतपर्यंतचा समुद्र त्यांनी नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर महिन्याच्या आतच ओलांडला होता. जाताना मात्र कधी वारा पडलेला, कधी समोरून आलेला, अशा स्थितीत तोच समुद्र ओलांडण्यास तीन महिने लागले. या सफरीची रोजनिशी जहाजावरील एका मनुष्याने लिहिली, ती उपलब्ध आहे. तीत असे नमूद आहे की, खलाशांच्या हिरड्या सुजून दातांवर चढल्या, त्यामुळे त्यांस अन्न चावता येईना. पाय सुजले, मग सूज अंगभर पसरली, आणि अन्य कोणतेही दुखणे नसता माणसे मरू लागली. एवढ्या एका ओलांडणीत तीस माणसे गेली. प्रत्येक जहाजावर कामास उभे राहू शकतील अशी सात-आठ माणसे काय ती उरली. २ जानेवारी १४९९ रोजी आफ्रिकेचा किनारा दिसला आणि काही दिवसांनी मालिंदी बंदर लागले. तेथे कप्तानाने सर्वांआधी काय मागविले असेल तर संत्री. कारण आजारी माणसांनी त्यांचाच ध्यास घेतला होता. तीन जहाजे हाकण्यापुरते हात न उरल्यामुळे ‘साँ राफाएल’ हे जहाज पुढे जाळून टाकावे लागले. पोर्तुगालहून निघालेल्यांपैकी निम्मी माणसेदेखील लिस्बनला परत पोचली नाहीत.

त्या आजारी माणसांना संत्रीच का हवीशी वाटली, हा प्रश्न क्षणभर बाजूस ठेवून आधी वाऱ्यांकडे पाहिले पाहिजे. कोकणातील तांडेलांना, तसेच अरब व गुजराती नाखव्यांना, हे पक्के ठाऊक होते की पश्चिमेकडे जावयाचे तर ईशान्येचा वारा स्थिर होईतो थांबावे. ऑक्टोबरच्या आरंभी पावसाळी वारे सरलेले असतात आणि हिवाळी वारे अद्याप धरलेले नसतात. गामाने हा हिशेब धुडकावला आणि त्याची किंमत त्याच्या खलाशांनी हिरड्यांनी व प्राणांनी भरली. मालवण, वेंगुर्ले, राजापूर येथील गलबते नारळी पौर्णिमेनंतर बाहेर पडत, आगोटीपूर्वी घरी येत, आणि मधल्या काळात किनारा धरून बंदरोबंदरी थांबत. शरीरातील साठा आटून स्कर्व्हीची लक्षणे दिसू लागण्यास साधारणपणे दोन ते तीन महिने ताज्या अन्नावाचून जावे लागतात. जो खलाशी दर आठपंधरा दिवसांनी एखाद्या बंदरात भाजीपाला, लिंबू, मिरची किंवा कैरी खातो, त्याला हा रोग गाठूच शकत नाही. मराठ्यांच्या आरमाराची चाल किनाऱ्यालगतची होती, याबद्दल पुष्कळ टीका झाली आहे आणि ती युद्धशास्त्राच्या दृष्टीने रास्तही असेल. तथापि त्याच चालीमुळे त्या आरमाराच्या खलाशांचे दात शाबूत राहिले, हीही बाजू जमेस धरावयास हवी.

या रोगात देहाचे नेमके काय होते, हे कळण्यास विसावे शतक उजाडावे लागले. माणसाच्या देहातील त्वचा, शिरा, अस्थी, दातांची मुळे घट्ट धरणारे तंतू, या सर्वांचा आधार म्हणजे कोलॅजन नावाचे एक प्रथिन. दोरीचे पेड एकमेकांत पिळले जातात, तसे या प्रथिनाचे तीन धागे एकमेकांत गुंफलेले असतात. ही गुंफण पक्की बसण्यासाठी जी रासायनिक क्रिया घडावी लागते, तिला ‘क’ जीवनसत्त्वाचे साह्य लागते. ते मिळाले नाही तर नवी दोरी वळली जाते खरी, पण पीळ सुटलेली. केशवाहिन्या ठिसूळ होतात, रक्त पाझरते, जखम भरत नाही. जेथे हे तंतू झपाट्याने झिजतात व पुन्हा नवे होतात तेथे त्रुटी लवकर उघडी पडते, आणि अशी झीजभर शरीरात ज्या ठिकाणी फार वेगाने चालते, त्यांपैकी हिरड्या हे एक ठिकाण होय. बहुतेक जनावरे हे जीवनसत्त्व स्वतःच्या देहात तयार करतात. माणूस, माकड आणि गिनीपिग यांना ती सोय नाही.

जुने व्रण उकलणे हा या रोगाचा सर्वांत भयंकर प्रकार. १७४० साली इंग्रज दर्यावर्दी अॅन्सन पृथ्वीप्रदक्षिणेस निघाला, त्याच्या काफिल्यातील बहुसंख्य माणसे परत आलीच नाहीत आणि मेलेल्यांपैकी बहुतेकांचा बळी रोगांनी, त्यातही स्कर्व्हीने, घेतला. त्याच्या जहाजावर एक वृद्ध शिपाई होता. आयर्लंडातील बॉइनच्या १६९० सालच्या लढाईत त्याला झालेली जखम पन्नास वर्षे भरून राहिली होती. स्कर्व्ही होताच ती पुन्हा उघडली, आणि पूर्वी मोडून सांधलेले त्याचे हाडही सुटे झाले. बरी झालेली जखम ही कायमची बरी झालेली नसते, देह तिची डागडुजी रोज करीत असतो, हे सत्य त्या अभागी शिपायाच्या देहाने दाखवून दिले. त्या काळच्या वैद्यांना त्यातून बोध घेता आला नाही, याचा दोष त्यांना देणे अन्यायाचे होईल.

आपल्याकडील प्राचीन वैद्यकाने हिरड्यांच्या रोगांचा विचार मात्र फार बारकाईने केलेला आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात दातांच्या मुळाशी होणारे पंधरा रोग सांगितले आहेत. त्यांतील पहिला ‘शीताद’: यात हिरड्यांतून कारणावाचून एकाएकी रक्त येते, त्या काळवंडतात, मऊ होतात, दुर्गंधी सुटते आणि त्यांचे मांस झडू लागते. दुसरा एक ‘दंतवेष्ट’: यात हिरड्यांतून पू व रक्त वाहते आणि दात हलतात. पहिल्याचे वर्णन वाचताच आधुनिक वाचकास स्कर्व्हीची आठवण होते, दुसऱ्याचे वर्णन तर आजच्या पायोरियास तंतोतंत लागू पडते. शीताद म्हणजे स्कर्व्हीच, असे ठाम विधान करणे साहसाचे होईल. कारण केवळ दातांवरील मळाने सुजलेल्या हिरड्यांचेही रूप पुष्कळसे तसेच दिसते. परंतु ज्याने हे दोन रोग वेगळे नोंदविले, त्याने माणसांची तोंडे उघडून नीट पाहिली होती, यात संशय नाही.

आता त्या संत्र्यांकडे वळू. या रोगावरील उपाय एकदा सापडला आणि मग सर्वत्र पसरला, असा सरळ इतिहास असता तर तो सांगण्यास फार वेळ लागला नसता. प्रत्यक्षात तो उपाय सापडला, हरवला, पुन्हा सापडला आणि पुन्हा हरवला. ईस्ट इंडिया कंपनीची पहिलीच सफर १६०१ साली जेम्स लँकेस्टर याच्या हाताखाली चार जहाजे घेऊन निघाली. लँकेस्टरने आपल्या स्वतःच्या जहाजावर लिंबाच्या रसाच्या बाटल्या घेतल्या होत्या आणि आजाऱ्यास रोज सकाळी अनशेपोटी तीन चमचे रस देण्याची त्याची पद्धत होती. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळ पोचेपर्यंत काफिल्यातील शंभराहून अधिक माणसे मेली होती. इतर तीन जहाजांवर नांगर टाकण्यास व शिडे उतरविण्यास माणूस उभा राहीना. लँकेस्टरच्या खलाशांनी त्यांवर जाऊन ती कामे केली. इतके स्पष्ट उदाहरण पुढे असतानाही कंपनीच्या जहाजांवर लिंबाचा रस हा शिरस्ता होऊन बसला नाही. खर्च हे एक कारण. आणि दुसरे असे की, स्कर्व्ही ही दमट हवेने, आळसाने किंवा खारवलेल्या मांसाने होते, असे समजणारे विद्वान पुष्कळ होते.

१७४७ साली ‘सॅल्सबरी’ या युद्धनौकेवर जेम्स लिंड या वैद्याने बारा रोगी निवडले, त्यांच्या सहा जोड्या केल्या आणि सर्वांना एकच अन्न देऊन प्रत्येक जोडीस निराळे औषध दिले. एकीस सफरचंदाचे मद्य, एकीस सौम्य केलेले गंधकाम्ल, एकीस शिर्का, एकीस समुद्राचे पाणी, एकीस लसूण-मोहरीची चाटणी, आणि एकीस रोज दोन संत्री व एक लिंबू. सहाव्या दिवशी फळे संपली. तोपर्यंत फळे खाणाऱ्यांपैकी एकजण कामावर रुजू होण्याइतका बरा झाला होता आणि दुसरा इतर रोग्यांची शुश्रूषा करू लागला होता. ज्यांस अम्ल व शिर्का मिळाला त्यांस काही गुण आला नाही. १७५३ साली लिंडने हे छापून प्रसिद्ध केले. परंतु त्याच पुस्तकात त्याने रस तापवून आटवून ठेवण्याची युक्ती सांगितली, आणि आटविताना त्या रसातील गुणच नाहीसा होत असे. परिणामी दुसऱ्यांनी तो आटीव रस वापरला, त्याचा उपयोग झाला नाही, आणि लिंबावरील विश्वासच उडाला. अखेर हिंदुस्थानच्या एका सफरीने हा वाद मिटविला. १७९४ साली ‘सफोक’ ही युद्धनौका इंग्लंडहून मद्रासेस निघाली. वाटेत कोठेही न थांबता ती तेवीस आठवडे समुद्रावर होती. प्रत्येकाच्या रोजच्या मद्यात लिंबाचा रस व साखर घालून दिली जाई. ज्या थोड्यांना लक्षणे दिसली त्यांस अधिक रस दिल्यावर ते बरे झाले, आणि जहाज मद्रासेस पोचले तेव्हा एकही माणूस या रोगाने दगावला नव्हता. दुसऱ्याच वर्षी, १७९५ साली, इंग्रजी आरमारात लिंबाचा रस सरकारी खर्चाने देणे सुरू झाले.

एवढे होऊनही पुन्हा घोटाळा झालाच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भूमध्य समुद्राकाठच्या मोठ्या पिवळ्या लिंबांऐवजी वेस्ट इंडीज बेटांतील लहान हिरव्या लिंबांचा रस आरमारात वापरला जाऊ लागला. तो अधिक आंबट, म्हणून अधिक गुणकारी, असा समज होता. वास्तविक त्यात गुण कमी, आणि साठवण्यात व तांब्याच्या नळ्यांतून नेण्यात उरलासुरला गुणही जाई. १८७५-७६ साली उत्तर ध्रुवाकडे गेलेल्या इंग्रजी मोहिमेत हा रस जवळ असूनही माणसे आजारी पडली. आंबटपणा हाच औषधी गुण, या कल्पनेने या रोगाच्या इतिहासात जितके बळी घेतले तितके अज्ञानानेही घेतले नसतील. कोकणातील श्रोत्यांस येथे आमसुलाची आठवण होणे स्वाभाविक आहे. सोलकढी पोटास थंड आणि जिभेस प्रिय खरी; परंतु वाळलेल्या आमसुलाचा आंबटपणा निराळ्याच अम्लाचा आहे, आणि ‘क’ जीवनसत्त्वासाठी त्यावर किंवा चिंचेवर विसंबून चालणार नाही. आपले कागदी लिंबू हे त्या वेस्ट इंडीजच्या हिरव्या लिंबाचेच भाईबंद. तरीही ते आपल्याला उपयोगी पडते, कारण आपण ते ताजे पिळतो.

या रोगाचा मराठी माणसांस पडलेला सर्वांत मोठा विळखा समुद्रावर पडला नाही, तो तैग्रिस नदीच्या काठी पडला. पहिल्या महायुद्धात जनरल टाउनशेंड याचे सैन्य बगदादच्या वाटेवरून मागे हटून कूत-अल-अमारा या गावात शिरले आणि डिसेंबर १९१५ मध्ये तुर्कांनी त्यास वेढा दिला. या सैन्यात १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या तीन मराठा पलटणी होत्या. त्यांत घाटावरचे व कोकणातले मराठे आणि दख्खनी मुसलमान भरती झालेले असत. मालवण तालुका त्या काळी रत्नागिरी जिल्ह्यात होता आणि तो सारा जिल्हा पलटणींना माणसे पुरविण्यात अग्रेसर होता. वेढा लांबला तशी भाजी संपली, बटाटे संपले, डाळही आटली. गोऱ्या शिपायांनी घोड्याचे मांस खाण्यास प्रारंभ केला. हिंदी शिपायांनी धर्मभावनेमुळे ते बरेच दिवस नाकारले. परिणाम मोठा चमत्कारिक झाला. पांढऱ्या पिठाची रोटी खाणाऱ्या गोऱ्या शिपायांस आरंभी बेरीबेरी झाला. आट्याची पोळी खाणाऱ्या हिंदी शिपायांस तो झाला नाही, पण त्यांस स्कर्व्हीने घेरले. एकाच गावात, एकाच वेढ्यात, दोन ताटे आणि दोन रोग! रानातील पाला खुडून शिजविणे, भाजीचे बी पेरणे, असे उपाय झाले. ते अपुरे पडले. २९ एप्रिल १९१६ रोजी सैन्य शरण गेले. पुढे कैदेत आणि रखरखीत वाटचालीत त्यांतील हजारो माणसे मेली. आधीच हिरड्या सडलेल्या, पाय सुजलेल्या माणसांस ती वाट किती कठीण गेली असेल, याची कल्पना करवत नाही.

मेसोपोटेमियातील या अनर्थाने लंडनच्या लिस्टर संस्थेतील हॅरिएट चिक व तिच्या सहकारी स्त्रियांनी चालविलेल्या संशोधनास निकड आणली. त्यांचा एक निष्कर्ष महाराष्ट्रातील कोणत्याही गृहिणीस कौतुकाचा वाटेल. कोरडी डाळ किंवा कोरडे कडधान्य यांत स्कर्व्ही रोखण्याचा गुण जवळजवळ नसतो. तेच कडधान्य भिजवून त्यास मोड आणले की तो गुण उत्पन्न होतो. सैन्याच्या शिध्यात हिंदी शिपायास डाळ मिळत होती, पण सोललेली, भरडलेली. तिला मोड येणे शक्य नव्हते. तीच मटकी, तेच मूग अखंड मिळाले असते, आणि एका ओल्या फडक्यात बांधून दोन दिवस ठेवले असते, तर पुष्कळांचे दात व प्राणही वाचले असते. घरोघर मोड आणणाऱ्या आयांच्या मुलांवर ही पाळी यावी, हा शिधा ठरविणाऱ्यांचा करंटेपणा. मोड फार वेळ शिजविल्यास गुण घटतो, हेही त्या संशोधनात दिसून आले.

यानंतरची प्रगती झपाट्याची आहे. १९०७ साली नॉर्वेत होल्स्ट व फ्रोलिश या दोघांनी गिनीपिगांत हा रोग उत्पन्न करून दाखविला होता. १९२८ साली हंगेरीच्या सेंट-ज्योर्जी याने एक पदार्थ वेगळा काढला आणि १९३२ साली तेच ‘क’ जीवनसत्त्व होय असे सिद्ध झाले. १९३७ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु हिरड्यांच्या दृष्टीने सर्वांत उद्बोधक प्रयोग याहून निराळाच आहे. १९३९ साली अमेरिकेतील क्रँडन नावाच्या तरुण शस्त्रवैद्याने आपल्या स्वतःच्या अन्नातून हे जीवनसत्त्व पूर्णपणे वगळले आणि असे सहा महिने काढले. त्याची त्वचा खरखरीत झाली, पायांवर रक्ताचे ठिपके उठले, आणि अखेरीस पाठीवर मुद्दाम केलेली जखम भरून येईना. हिरड्या मात्र पाहणाऱ्यास जवळजवळ निरोगी दिसत होत्या! त्याची मुखशुद्धी उत्तम होती. ज्यांचे दात मुळीच उरलेले नाहीत अशांच्या हिरड्याही स्कर्व्हीत सहसा सुजत नाहीत, हे वैद्यांनी पूर्वीच पाहिले होते. म्हणजे गामाच्या खलाशांच्या तोंडात दोन शत्रू एकत्र आले होते. एक आतून आलेला, देहाची दोरी सोडविणारा. दुसरा बाहेरचा, दातांच्या मुळाशी साचलेल्या किटणातील जंतूंचा.

हा दुसरा शत्रू आगबोटी आल्या, विमाने आली, तरी हटलेला नाही. दातांवर रोज एक चिकट थर बसतो. तो काढला नाही तर कडक होतो, त्याखाली जंतू वाढतात, हिरडी लाल होऊन रक्त येऊ लागते. येथवरची अवस्था स्वच्छतेने पूर्ववत होते. पुढे हिरडी दातापासून सुटते, फट पडते, दात धरणारे हाड झिजते, आणि ते पुन्हा पहिल्यासारखे भरून येत नाही. यालाच लोक पायोरिया म्हणतात. तो बहुधा दुखत नाही, आणि म्हणूनच फसवा आहे. तंबाखू त्याला आणखी झाकते. कारण तिने हिरड्यांतील रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त येणे कमी होते. मालवणी घरांतून मशेरी लावल्यावर हिरड्या बळकट झाल्याचा जो भास होतो त्याचे इंगित हेच. आत हाड झिजत असते.

हिरडीतील हा विकार साऱ्या देहास बाधतो की काय, या प्रश्नावरही वैद्यकाने दोन टोके गाठली. १९१० साली विल्यम हंटर या इंग्रज वैद्याने माँट्रिऑल येथील व्याख्यानात तोंडातील पू हे अनेक रोगांचे मूळ असल्याचे सांगितले. त्यात तथ्य होते. पण पुढील पंचवीस वर्षांत संधिवातापासून वेडापर्यंत हरएक दुखण्यासाठी दात उपटण्याची साथच आली. अमेरिकेतील एका वेड्यांच्या इस्पितळात रोग्यांचे दात सरसकट काढण्यात येत. १९३८ साली, पूर्वी याच मताचा पुरस्कार केलेल्या सेसिल यानेच अँजेव्हाइन याच्यासह संधिवाताच्या दोनशे रोग्यांचा अभ्यास करून, दात काढून काही साधत नाही असे जाहीर केले. मग लंबक उलट बाजूस गेला आणि दात व देह यांचा संबंधच नाही असे मानण्याचा काळ आला. अलीकडच्या चाळीस वर्षांत तो संबंध पुन्हा, परंतु मोजून मापून, पाहिला जात आहे. मधुमेहाशी तो सर्वांत स्पष्ट आहे: मधुमेह्याच्या हिरड्या लवकर बिघडतात, आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे रक्तातील साखर आटोक्यात राहणे कठीण होते, हिरड्यांवर उपचार केल्यास ती थोडी का होईना उतरते. ज्यांच्या हृदयाच्या झडपा पूर्वीच सदोष आहेत, त्यांस तोंडातील जंतू रक्तात शिरून घातक ठरू शकतात, हेही निर्विवाद आहे. हृदयविकाराचा झटका व पायोरिया हे एकाच माणसात वारंवार आढळतात. मात्र एकामुळे दुसरा होतो असे सिद्ध झालेले नाही, असा निर्वाळा अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ साली दिला. हंटरच्या अनुयायांनी एवढा संयम दाखविला असता तर कितीतरी निरोगी दात वाचले असते.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस इंग्लंडातील शेफील्ड येथे युद्धात लढण्यास नकार दिलेल्या स्वयंसेवकांवर जे प्रयोग झाले, त्यांत असे आढळले की रोज दहा मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व मिळाले तरी स्कर्व्ही होत नाही व झालेली बरी होते. निरोगी माणसाने याहून कितीतरी अधिक घ्यावे, असे आज सांगितले जाते. पण प्राण वाचविण्यास इतके थोडे पुरते. ज्या पोर्तुगीजांची माणसे या चिमूटभर द्रव्यावाचून मेली, त्यांनीच पुढे अमेरिका खंडातून मिरची आणली, पेरू आणला आणि काजूही आणला. हिरवी मिरची व पेरू यांत हे जीवनसत्त्व विपुल आहे, आणि काजूच्या बोंडात तर शंभर ग्रॅमांस सुमारे दोनशे मिलिग्रॅम, म्हणजे संत्र्याच्या चौपट. गोव्यात बोंडांची फेणी होते. मालवण तालुक्यात मार्च-एप्रिलमध्ये बी तेवढी पिळून घेतात, आणि बोंडू बव्हंशी झाडाखालीच कुजतात.